समोरचा गात असताना

संगीत नाटकाच्या तालमीत सगळ्यात अवघड काय, असं कोणी विचारलं तर मी ताना म्हणणार नाही, पाठांतरही म्हणणार नाही. समोरचा गात असताना आपण काय करायचं, हे सगळ्यात अवघड. गद्य नाटकात समोरच्याचं बोलणं लांबलं तरी किती लांबणार? आपलं वाक्य येतंच. संगीत नाटकात समोरचा पद सुरू करतो आणि पुढची चार-पाच मिनिटं, रंगला तर त्याहून जास्त, आपल्या तोंडाला काम नसतं. हातांनाही नसतं. प्रेक्षक गाणाऱ्याकडे बघत असतात हे खरं, पण मधूनच त्यांची नजर आपल्याकडे वळते, आणि समोर नाटक चाललंय की मैफल, हे त्यांना तेवढ्यात कळतं.

यंदा उत्सवाला आम्ही 'संगीत सौभद्र', म्हणजे अर्जुन-सुभद्रेच्या लग्नाची गोष्ट, बसवतोय आणि माझ्याकडे रुक्मिणी आली आहे. रुक्मिणीला गाणं थोडं, ऐकणं भरपूर. भूमिका वाटल्या तेव्हा काही जणींनी मला हळहळून विचारलं, की एवढा गळा असून सुभद्रा का नाही घेतलीस. तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. आता तालमी अर्ध्याच्या पुढे गेल्या आहेत आणि मला मनापासून वाटतं, की संगीत नाटक न गाणारे लोक उभं करतात. गाणारा पद म्हणतो. ते पद नाटकातलं आहे हे मात्र त्याच्या समोर बसलेला माणूस ठरवतो.

आमचं गाव रत्नागिरीपासून तासाभराच्या अंतरावर. माघात देवाचा उत्सव असतो. आरत्या, भोवत्या म्हणजे देवळाभोवती गात घातलेल्या प्रदक्षिणा, कीर्तन, पालखी आणि एका रात्री नाटक, ही कोकणातल्या अनेक गावांची रीत आमच्याकडेही आहे. ते नाटक गावातल्याच लोकांनी करायचं. अर्जुन महावितरणमध्ये आहे. सुभद्रा आरोग्य केंद्रात नर्स आहे, तिची रात्रपाळी असली की तिचे प्रवेश बाजूला ठेवून आम्ही दुसरे काढतो. कृष्ण हायस्कुलात गणित शिकवतो. बलराम एस.टी. चालवतो आणि मुक्कामी गाडी त्याच्याकडे असली की त्याच्या जागी गुरुजी स्वतः उभे राहतात. गुरुजी म्हणजे नाटक बसवणारे. शाळेतून निवृत्त झाले, पण गावाने त्यांना नाटकातून निवृत्त होऊ दिलेलं नाही. ऑर्गनवर अण्णा. रात्रीची जेवणं आटोपली की शाळेच्या हॉलमधली बाकं भिंतीला सरकतात आणि तालीम सुरू होते.

ह्या नाटकाचा जन्मही नोकरदार माणसाच्या हातूनच झाला, ह्याचा मला फार आधार वाटतो. अण्णासाहेब किर्लोस्कर सरकारी कचेरीत नोकरीला होते. 1880 साली पुण्यात त्यांनी 'शाकुंतल' आणलं आणि 1882 मध्ये 'सौभद्र'चे पहिले तीन अंक रंगमंचावर आले. पूर्ण पाच अंकी नाटक त्याच्या पुढच्या वर्षी झालं. त्याआधीच्या विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार गात असे आणि पात्रं आपापलं बोलत. किर्लोस्करांच्या नाटकात जो बोलतो तोच गायला लागला. आज हे आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्यात काही विशेष वाटत नाही. पण तालमीत उभं राहिलं की कळतं, की अख्खी अडचण आणि अख्खी गंमत तिथेच आहे. एकच माणूस, आत्ता बोलत होता आणि आता गातोय. का?

'का' हा प्रश्न गुरुजींचा. पहिले कितीतरी दिवस त्यांनी आम्हाला गाऊच दिलं नाही. पदं गद्यासारखी वाचायची. ज्याला पद आहे त्याने अर्थ सांगायचा, आणि ज्याला उद्देशून पद आहे त्यानेही सांगायचा. ह्या दुसऱ्या भागाची मला गंमत वाटायची. कृष्णाचं पद, आणि गुरुजी विचारणार मला, "वहिनी, तो तुम्हाला काय म्हणाला?" मी सांगायची. "मग तुम्हाला काय वाटलं?" तिथे मी अडायची. नाटकाच्या पुस्तकात ह्याचं उत्तर छापलेलं नसतं. पदाच्या डोक्यावर राग असतो, ताल असतो, 'चाल' म्हणून कुठल्यातरी जुन्या गाण्याची ओळ असते. ते जुनं गाणं आज कोणाला म्हणता येत नाही, चाल मात्र ह्या पदामुळे टिकली. पण ऐकणाऱ्यासाठी तिथे एकही सूचना नसते.

मग आला काटछाटीचा विषय. 'सौभद्र'मध्ये शंभराहून जास्त पदं आहेत. किर्लोस्करांच्या काळी नाटक रात्रभर चालायचं, लोक तयारीने यायचे. आमच्याकडे उत्सवातली पालखी, आरती आणि प्रसाद उरकून पडदा उघडायलाच रात्रीचे साडेदहा होतात, त्यामुळे पदं कमी करणं आलंच. हौशी मंडळी सहसा सगळ्यात आधी साक्या-दिंड्या, म्हणजे साध्या चालीची छोटी पदं, कापतात. त्यांत राग दाखवायला वाव नाही, टाळी नाही, मग त्या कशाला हव्यात? उरतात ती नावाजलेली पदं, आणि प्रत्येक पद तब्येतीत, आलाप-तानांसकट.

गुरुजींनी उलट केलं. त्यांनी मोठी पदं कमी केली, ठेवलेल्या पदांचा विस्तार आवरला आणि साक्या-दिंड्या शक्य तेवढ्या राखल्या. ह्यावर आमच्याकडे जोरदार वाद झाला. नारदाचं काम करणारे काका दोन दिवस तालमीला आले नाहीत, कारण त्यांचं एक आवडतं पद गेलं होतं. मला त्यांचं दुःख समजत होतं. लहानपणापासून ते पद त्यांच्या ओठांवर आहे, आणि ते चारचौघांत म्हणायची संधी वर्षातून एकदा येते, तीही आली तर. तरी मी गुरुजींच्या बाजूची होते आणि आजही आहे. साकी ही अर्धी बोलणं आणि अर्धी गाणं. गोष्ट पुढे नेण्याचं काम ती करते, आणि नटाला गद्यातून गाण्यात शिरायला पायरी देते. ती पायरी काढली की नट बोलता बोलता थांबतो, घसा साफ करतो आणि गायला लागतो. ऐकणाऱ्यालाही मग 'आता गाणं आलं' म्हणून बाजूला सरावंसं वाटतं. 1964 मध्ये 'मत्स्यगंधा' आलं तेव्हा संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी नाट्यपद आटोपशीर केलं, नाटकाच्या वेगाला धरून. ते बघितलेली माणसं आमच्या गावात आहेत, आणि पदांच्या विस्तारावरून वाद निघाला की ती हमखास त्याचा दाखला देतात. पण किर्लोस्करांच्या मूळ संहितेत लहान लहान पदांची केवढी रेलचेल आहे, हे साक्या हातात धरल्यावर दिसतं. लांबण नंतरच्या गायक नटांनी लावली. ती त्या नटांना शोभलीही, पण ती नाटकाच्या पोटातली नव्हे.

काका तिसऱ्या दिवशी आले. त्यांना गुरुजींनी सांगितलं ते असं: "काका, तुमचं पद गेलं, पण आता तुम्ही दुसऱ्याच्या पदात जास्त वेळ रंगमंचावर आहात." काकांनी त्यावर मान हलवली. पटलं की नाही देव जाणे, पण त्या दिवसापासून त्यांचा नारद दुसरा गात असताना वीणा नुसती धरून उभा राहत नाही. समोर काय शिजतंय ते तो बघत असतो, मनातल्या मनात पुढची चाल खेळत असतो. नारद तसाच असायला हवा.

आता सुराचं सांगते, कारण तालमीतला सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो आणि बाहेरून बघणाऱ्याला तो दिसत नाही.

किर्लोस्कर मंडळीत सगळे पुरुष होते. भाऊराव कोल्हटकर सुभद्रा करायचे. आज सुभद्रा बाई करते, अर्जुन पुरुष करतो, आणि दोघांच्या पट्ट्या, म्हणजे गाताना धरायचा 'सा', वेगळ्या. आमचा अर्जुन काळी एकमध्ये गातो, सुभद्रा काळी चारमध्ये. त्याचं पद संपून दोन वाक्यांत तिचं पद आलं, की त्या दोन वाक्यांत अण्णांनी ऑर्गनवर नवा षड्ज, म्हणजे नवा 'सा', द्यायचा, तबलजींनी एक तबला बाजूला सारून दुसरा पुढे ओढायचा, आणि सुभद्रेने बोलता बोलता तो नवा सूर कानात घ्यायचा. मानेने सूर मागायचा नाही. हौशी नटाची ती खूण आहे: पद जवळ आलं की मान हळूच ऑर्गनकडे वळते. गुरुजी तिथेच टाळी वाजवून थांबवतात. "सूर येईल. तू त्याच्याशी बोल."

अण्णा सूर देतात तो ऐकण्यासारखा असतो. पदाआधीच्या शेवटच्या दोन वाक्यांखाली षड्ज इतका हलका सोडतात की प्रेक्षकाला तो वेगळा ऐकू येत नाही, नटाचं बोलणं मात्र आपोआप त्या सुराजवळ सरकतं. शेवटचं वाक्य पदाच्या पहिल्या स्वराच्या आसपास संपतं आणि गाणं सुरू झालेलं कळतच नाही. त्यासाठी अण्णांना गद्यही पाठ आहे, सगळ्यांचं. पाय भात्यावर, बोटं पट्ट्यांवर आणि नजर नटाच्या तोंडाकडे. किर्लोस्करांच्या वेळी साथीला सारंगी आणि तबला असे, ऑर्गन नंतर आला. आमचा ऑर्गन गावाच्या मालकीचा, फार जुना. खारी हवा त्याच्या सुरांच्या पट्ट्यांना मानवत नाही. दर वर्षी तालमी सुरू व्हायच्या आधी अण्णा तो उघडून एकेक सूर साफ करतात आणि त्या वेळी कोणाला जवळ येऊ देत नाहीत. तबल्याचंही तसंच. हवा सर्द झाली की पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडून सूर उतरतो, मग पुन्हा हातोडी.

हल्ली काही मंडळी संगीत नाटक ध्वनिमुद्रित साथीवर करतात. ऑर्गनवादक मिळत नाही, तबलजी दुसऱ्या गावाहून आणायचे तर खर्च परवडत नाही, ही कारणं खोटी नाहीत. आमच्याकडेही यंदा तो विषय निघाला होता. मी तेव्हा जे बोलले ते इथेही लिहिते. मुद्रित साथ ऐकत नाही. सुभद्रेचा श्वास एके दिवशी कमी पडतो, अर्जुन एखाद्या शब्दावर भरून येऊन थांबतो, बलरामाला वाक्य आठवायला क्षणभर लागतो, हे अण्णांना कळतं आणि ते थांबतात, भरतात, उचलून धरतात. यंत्र पुढे निघून जातं आणि नट त्याच्यामागे धावतो. मग रंगमंचावरची सगळी माणसं एकमेकांकडे लक्ष द्यायच्या ऐवजी एका पेटीकडे लक्ष देतात. त्यापेक्षा एक सूर बिघडलेला ऑर्गन आणि जिवंत माणूस केव्हाही चालेल. साथीला पैसे लागतात तर ते आपण उभे करू, दोन पडदे कमी रंगवू. आम्ही यंदा तेच केलंय. द्वारकेचा महाल आणि उपवन एकाच पडद्यावर भागवणार आहोत.

आता त्या पदाकडे येते, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले.

'प्रिये पहा' हे कृष्णाचं पद मराठी माणसाला सांगायला नको. गायक नट छोटा गंधर्वांनी ते घराघरांत नेलं. कृष्ण रुक्मिणीला पहाट दाखवतो. राग देसकार, आणि आमच्या तालमी रात्री दहाला. देसकाराचे आणि भूपाचे स्वर तेच. भूप संध्याकाळ उलटल्यावरचा, गंधारावर म्हणजे 'ग'वर रमणारा. देसकार सकाळचा, धैवत म्हणजे 'ध' धरून वरच्या अंगाने चालणारा. आमचे सर, म्हणजे कृष्ण, दिवसभर वर्ग घेऊन दमलेले असतात, बाहेर काळोख असतो, आणि गळा आपसूक खाली भूपाकडे वळतो. अण्णा लगेच धैवत दाबून धरतात आणि मान वर करून म्हणतात, "सर, अजून उजाडायचंय. धैवतावर या." सर पुन्हा वर येतात. हॉलमध्ये ट्यूबलाइट, खिडकीबाहेर रातकिडे, आणि त्या धैवतावर खरंच फटफटायला लागतं. असं मी रोज अनुभवते आणि रोज मला त्याचं नवल वाटतं.

पहिल्यांदा हे पद उभं केलं तेव्हा मी शब्दाबरहुकूम सगळं करत होते. 'थंडगार वात सुटत' आलं की पदर ओढून घ्यायचा. 'दीपतेज मंद होत' आलं की समईकडे बघायचं. अरुण आला की पूर्वेकडे, पक्षी आले की झाडाकडे. गुरुजींनी ते शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "हे बालवाडीतलं अभिनयगीत झालं." बरोबर होतं. प्रेक्षकाला शब्द ऐकू येतोय, तोच मी हाताने पुन्हा दाखवत होते. मग गुरुजी म्हणाले, आता काहीच करू नका. ते त्याहून वाईट दिसलं. सर जीव तोडून गातायत आणि समोर एक बाई बसची वाट बघत बसल्यासारखी.

तोड निघाली ती ध्रुवपदातून. प्रत्येक कडव्यानंतर कृष्ण पुन्हा 'प्रिये पहा'वर येतो. गायनाच्या हिशेबाने ते यायलाच हवं, समेवर यायचं म्हणजे मुखडा, पदाची पहिली ओळ, आला. पण एके रात्री चहा पिताना सुभद्रेने सहज विचारलं, "तो सारखा सारखा 'पहा, पहा' का म्हणतो? तिने पहिल्यांदाच बघितलं नाही का?" आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. गुरुजींनी कप खाली ठेवला. नाही बघितलं! म्हणूनच तो पुन्हा म्हणतो. रुक्मिणीच्या मनात दुसरंच काही चाललंय, तिला पहाटेत रस नाही, नवऱ्याच्या गोड बोलण्याला ती सरावलेली आहे. तो वारा दाखवतो, ती बघत नाही. दिवा दाखवतो, ती बघत नाही. पुन्हा 'प्रिये पहा'. आता त्याला आणखी काहीतरी सुंदर शोधून काढणं भाग आहे, म्हणून दिशांचे चेहरे उजळणारा अरुण येतो, पक्षी येतात, भुंगे येतात, कमळं येतात. कृष्ण राग आळवत नाही, तो मनधरणी करतोय, आणि त्याची प्रत्येक आवृत्ती रुक्मिणीच्या न बघण्यावर उभी आहे.

त्या रात्री पुन्हा पद घेतलं. मी ठरवून पाठमोरी बसले, हाताशी फुलांची परडी घेतली आणि फुलं वेगळी करत राहिले. सरांचा आवाज बदलला. आधी ते हॉलच्या मागच्या भिंतीला गात होते, आता मला गायला लागले. एक जागा त्यांनी आधी कधीच घेतली नव्हती तशी घेतली, एक छोटीशी मुरकी, अगदी कानाजवळ येऊन हाक मारावी तशी. मला हसू आलं, ते मी दाबलं, आणि ते दाबलेलं हसू गुरुजींनी कायम ठेवायला सांगितलं. समईकडे मी बघितलं ते 'दीपतेज' होऊन गेल्यावर, सरांचं लक्ष दुसरीकडे असताना, चोरून. शेवटच्या कडव्यात सुखदुःख विसरून झोपी गेलेलं जग पुन्हा आपापल्या कामाला उठतं, असं तो म्हणतो. तिथे बघायला काही वस्तूच नाही. ना वारा, ना दिवा, ना पक्षी. तिथे रुक्मिणी परडी खाली ठेवते आणि पहिल्यांदा वर बघते. एवढंच. एवढ्यासाठी मी घरी स्वयंपाक करताना ते कडवं मनात म्हणत असते, आणि भाजी निवडताना नेमका कुठे हात थांबतो ते बघत असते.

ह्या पदानंतरचं वाक्य माझं आहे, आणि ते माझं असणं किती मोठी जबाबदारी आहे हे मला उशिरा उमगलं. गाणाऱ्याने नाटक गाण्यात नेलं, तर परत बोलण्यात ते ऐकणाऱ्यानेच आणायचं असतं. टाळी येणार, ती पडू द्यायची, पण पूर्ण ओसरू द्यायची नाही. टाळी उतरणीला लागली की वाक्य उचलायचं, आणि तेही पहिल्या दोन शब्दांत गाण्याचा थोडासा सूर ठेवून, मग जमिनीवर. उशीर झाला की प्रेक्षक कुजबुजायला लागतात, घाई झाली की सरांचं पद फुकट जातं. हे शिकवून येत नाही. समोरच्याचं पद मनापासून ऐकलेलं असेल तर वाक्य आपोआप वेळेवर येतं, हा माझा अनुभव आहे. मी मनात पुढचं वाक्य घोकत बसले असेन त्या दिवशी ते हमखास चुकीच्या जागी पडतं.

आमच्या तालमीला रोज काही माणसं नुसती ऐकायला येतात. त्यांत शेजारच्या वाडीतली एक आजी आहे. 'सौभद्र' तिला तोंडपाठ आहे, आकाशवाणीवर ऐकून ऐकून. प्रॉम्प्टिंग करणारे भाई कधी पान चुकले तर पुढचं वाक्य आजी सांगते. तिला पदं कमी केलेली आवडलेली नाहीत आणि ते ती रोज बोलून दाखवते. पण परवा बलरामाच्या प्रवेशानंतर ती त्याला म्हणाली, "तुला गाणं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस हो. तू ऐकतोस चांगलं." बलराम गाडीचा गणवेश न बदलता थेट तालमीला आला होता. तो एवढा खूश झाला की दुसऱ्या दिवशी मुक्कामी गाडी बदलून घेऊन आला. बलरामाचं काम खरंच तसं आहे. हा रागीट, भोळा माणूस सगळ्यांचं सगळं खरं मानतो, संन्याशाचं सोंग घेतलेल्या अर्जुनालासुद्धा. त्याने विश्वासाने ऐकलं नाही तर अर्जुनाच्या सोंगात जीव कुठून येणार? आमचा बलराम त्या यतीसमोर हात जोडून असा उभा राहतो, की क्षणभर मलाही तो यती खरा वाटतो.

नांदीला मात्र सगळे गातात. 'पंचतुंड नररुंडमालधर' मूळची 'शाकुंतल'ची, पण आमच्या गावात कुठलंही संगीत नाटक असो, सुरुवात तिनेच होते. ज्याला पद नाही, ज्याचा सूर थोडा इकडे तिकडे आहे, असा प्रत्येक जण तिथे ओळीत उभा असतो. भाईसुद्धा प्रॉम्प्टिंगची वही काखेत धरून विंगेत म्हणतात. नांदीची तालीम गुरुजी सगळ्यात शेवटी घेतात, जायच्या आधी, म्हणजे घरी जाताना तीच कानात राहते.

एक प्रश्न अजून सुटायचाय. उत्सवात वन्समोअर येतो. आमचे प्रेक्षक पदं ओळखतात, त्यांच्या आवडीची जागा आली की मागच्या रांगेतून आवाज येतोच, आणि 'प्रिये पहा'ला तर येणारच. सर पुन्हा पहिल्यापासून म्हणणार. मग मी काय करायचं? मी तर आत्ताच वर बघितलं, परडी खाली ठेवली, पहाट झाली. पुन्हा पाठमोरी बसून फुलं वेगळी करायला लागले तर मघाचं सगळं खोटं ठरतं. तालमीत ह्यावर बरीच चर्चा झाली. काकांचं म्हणणं, वन्समोअर हा गाणाऱ्याचा मान, तेवढ्यापुरतं नाटक थांबलं तरी चालतं, पूर्वीपासून तसंच चालत आलंय. गुरुजींच्या मनात वन्समोअर घेऊच नये असं आहे, पण गावापुढे त्यांचं चालणार नाही हे त्यांना माहीत आहे. अण्णा म्हणतात, दुसऱ्यांदा फक्त शेवटचं कडवं घ्यावं.

मला वेगळं सुचलंय. वन्समोअर प्रेक्षकांनी दिला तरी तो रुक्मिणीने मागितला असं दिसलं पाहिजे. मघाशी तिने बघितलं नव्हतं म्हणून त्याला पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. आता तिला ते पुन्हा ऐकायचंय. म्हणजे मागून आवाज आला, की मी कृष्णाला हाताने बसवायचं, स्वतः त्याच्या समोर बसायचं आणि ह्या वेळी समई, पूर्व, झाडं कशाकडेच न बघता त्याच्याकडे बघत सगळं पद ऐकायचं. सरांना पहिल्यापेक्षा निवांत गाता येईल, अण्णांना लय थोडी उतरवता येईल. गुरुजींशी ह्यावर अजून बोललेले नाही. शनिवारी तबलजी दोन्ही तबले घेऊन येणार आहेत, त्या तालमीत सुभद्रेला मागच्या बाकावरून वन्समोअर द्यायला सांगितलंय.